बाकावरचे सार

फिटनेस शिकवणाऱ्या आमच्या सारांना मी कधी धावताना पाहिलं नाही. कुंभकोणमच्या कुठल्याही बागेत नेलं तरी ते आधी सावलीतलं बाक शोधत आणि तास संपेपर्यंत तिथेच बसत. सार म्हणजे सर. आमच्या गावात तसंच म्हणतात.

मी कम्युनिटी कॉलेजात उद्यान, मनोरंजन आणि फिटनेस हा विषय घेतला होता. वडील पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला. घरातला पहिला पदवीधर मी होणार होतो. आमच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत या विषयाला शब्दच नव्हता. आत्या म्हणाली, बागेत जायला कॉलेज कशाला, लहानपणी फुकटच जात होतास. मी तिला विषयाचं महत्त्व समजावू लागलो. ती झोपी गेली.

सारांचं वाक्य ठरलेलं होतं : "आधी बसून बघ, लोक कसे चालतात." मला तो आळस वाटे. मी पुस्तक पाठ करणारा आणि गळ्यात शिट्टी घालून जेवायला बसणारा विद्यार्थी.

शेवटची परीक्षा म्हणजे बागेत म्हाताऱ्या माणसांचा चालण्याचा गट चालवून दाखवायचा. त्यात नापास झालो तर पदवी नाही. बागेच्या मधोमध पिंपळ आणि त्याखाली पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती. मी न बसता, न बघता भोवतीच्या वाटेवर पांढरे बाण रंगवले. धावपट्टीचा नियम मला पाठ होता : डावा हात आतल्या बाजूला. म्हणजे देवाला उलटी प्रदक्षिणा.

सकाळी सगळ्या आज्या बाण तुडवत आपल्या नेहमीच्या दिशेने निघाल्या. मी शिट्टी वाजवत समोरून येत होतो, त्यामुळे दर फेरीला सगळ्यांची भेट होई. शेवटी गटातल्या सर्वांत थोरल्या पाट्टी, म्हणजे आजी, थांबल्या. त्या सगळ्याच पोरांना तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत.

"तसं चितेभोवती फिरतात, तंबी. आम्हाला पोचवायची एवढी घाई?"

बाकीच्या हसल्या. मी मात्र पुस्तक आणायला गेलो.

सार बाकावरून हे सगळं बघत होते. मी त्यांच्यासमोर पान उघडून धरलं. ते शांतपणे म्हणाले, "पुस्तक बरोबर आहे. पाट्टीही बरोबर आहेत. मग चुकीचा कोण राहिला?" परीक्षा उद्या पुन्हा, एवढं सांगून ते कॉफी प्यायला गेले.

भर दुपारी मी गुडघे टेकून बाण खरवडले आणि दुसऱ्या बाजूने रंगवले. दुसऱ्या दिवशी गट खरं तर पाट्टींनीच चालवला. मी मागून चालत होतो आणि मला दम लागत होता. पास झालो.

निकालानंतर वडील विड्याच्या पानांची जुडी घेऊन सारांच्या पाया पडायला आले आणि मुलगा कसा आहे, असं विचारून बसले. सारांनी बाणांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. वडिलांचा चेहरा उतरला. मग सार म्हणाले, "बाण पुसायला मी सांगितलं नव्हतं. कुणी नोकरीसाठी विचारलं, तर मी एवढंच सांगणार."

त्यांनी खरंच तेवढंच सांगितलं, आणि तंजावरच्या एका बागेत मला काम मिळालं.

वडिलांनी ती गोष्ट गल्लीभर केली. पदवीबद्दल मला कुणी विचारत नाही, उलट्या बाणांबद्दल सगळे विचारतात. गेल्या वर्षी सार गेले. बातमी आली त्या संध्याकाळी वडील आत्याला तीच गोष्ट पुन्हा सांगायला बसले आणि अर्ध्यावर थांबले. पुढचं मला सांगावं लागलं.