बीफच्या गोठ्यातली वसुबारस

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात खोली शोधणं काय असतं, ते ज्याने शोधली त्यालाच विचारा. माझी खोली काका-काकूंच्या घरात, वरच्या मजल्यावर होती. नात्याचे नव्हेत, घरमालक, पण मराठी, म्हणून काका-काकू. मी काम करायची त्या फार्मला जाणारी एकमेव बस त्यांच्या कोपऱ्यावरून सुटायची. ती खोली गेली की माझी नोकरीही लटकणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून एरवी भर चौकात उभी राहून पत्रकं वाटणारी मी त्या घरात बरंच गिळून घ्यायची.

"नेमकं काय करतेस गं तू?" काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"गुरांचं जेनेटिक्स. कमी चारा खाऊन चांगली वाढणारी जनावरं निवडायची, आणि त्यातलं रक्तात किती, ते शोधायचं."

काका खूश. "बघ! शेवटी सगळं जीन्सवर येतं. गोत्र म्हणजे आणखी काय? आपल्या लोकांना हे आधीच कळलं होतं."

इथल्या मराठी मंडळात ते माझी ओळख 'आमची सायंटिस्ट' अशी करून द्यायचे. मी आडनाव लावत नाही, वडिलांचं नाव लावते. त्यामुळे काकूंची पंचाईत व्हायची. मूळ गाव, कुलदैवत, लग्नात काय करता, अशा सगळ्या बाजूंनी त्या चाचपून बघायच्या. ती जनावरं कशासाठी वाढवतात, हे मात्र दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मराठी मुलगी गाईंमध्ये काम करते म्हणजे गोशाळाच असणार, हे त्यांनी मनाशी धरलं.

दिवाळी आली. "इथे वसुबारसेला फोटोची पूजा करावी लागते," काकू म्हणाल्या. "तुझ्याकडे खरीखुरी सवत्स गाय असेल ना?"

होती. मॅनेजरबाईंनी परवानगी दिली. काकू नऊवारी आणि फार्मचे रबरी बूट अशा थाटात, जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये पाय बुडवून आत आल्या, मागोमाग काका. हातात तबक, तबकात हळदकुंकू आणि उडदाचे वडे. पहिल्याच शेडमध्ये त्यांनी एका कालवडीपुढे वडा धरला.

"काकू, नको! ती टेस्टवर आहे."

कानातला टॅग वाचून गव्हाण उघडते आणि जनावराने किती खाल्लं ते तोलते, हे मी दाखवलं. अंगाच्या आणि वाढीच्या मानाने जितकं खायला हवं, त्याहून कमी खाऊन जी तेवढीच वाढते, ती आमच्या लेखी चांगली. त्यात बाहेरचा वडा गेला तर हिशोब बिघडतो.

"मग टॉपचा बुल शोधला की झालं," काका म्हणाले. "मेरिट इज मेरिट."

"असं नाही, काका. सारखा गोठा, सारखं वय, सारखा चारा, अशांचीच आपसात तुलना करतात. एकाला उकिरड्यावर वाढवलं, दुसऱ्याला भरल्या गव्हाणीवर, आणि मग दोघांना काट्यावर चढवलं, तर त्या वजनावरून आम्ही रक्ताबद्दल अवाक्षर बोलत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा एवढं कळतं."

काका हसले. "अगं, माणसाचं वेगळं असतं."

"हो ना. माणसाचं तेच वजन आपण पदवी म्हणून फ्रेम करून भिंतीवर लावतो."

काकूंचं लक्ष नव्हतं. पलीकडच्या शेडमध्ये एक काळी, थोराड, शांत गाय उभी होती आणि तिचा गोऱ्हा ढुशा मारून दूध पीत होता. काकूंचे डोळे भरून आले. "किती पितोय लबाड! याच्यासाठी दूध ठेवता ना गं?"

"सगळं त्याचंच. इथे धार काढतच नाहीत."

"बघा हो! याला म्हणायची गोसेवा." त्यांनी गाईच्या कपाळाला कुंकू लावलं, गोऱ्ह्यालाही लावलं. काकांनी फोटो काढून तिथूनच मंडळाच्या ग्रुपवर टाकला. बदामांचा पाऊस पडला.

मग काकूंना प्रश्न पडला. "पण धार काढत नाहीत, तर ठेवतात कशाला?"

"मांसासाठी, काकू. गोऱ्हा मोठा झाला की कत्तलखान्यात जाईल. थोड्या चाऱ्यात जास्त मांस, तेच तर माझं काम."

काकूंनी कुंकवाचं बोट अंगापासून लांब धरलं. कशालाच लागू नये असं.

"आधी सांगायचं होतंस," काका म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

गाडीने परत निघालो. घराजवळच्या राउंडअबाउटला काका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमच्याकडे चालत असेल म्हणा."

त्यांना माझं आडनाव सापडलं होतं. खोली डोळ्यांपुढे आली, तरी हे काही गिळवेना. "चालत नव्हतं, काका, करायला लावायचे. जनावर मेलं की ओढायला आम्ही, जिवंत असेपर्यंत पुजायला तुम्ही. माझ्या पणजोबांनी ओढायचं बंद केलं, तर गावाने त्यांचं पाणी तोडलं."

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधला माझा कप्पा रिकामा होता. माझं सामान पिशवीत घालून जिन्यावर ठेवलेलं. काकू सिंक घासत होत्या. "अगं, माझा भाऊ यायचाय राहायला. खोली लागेल." त्यांचा भाऊ तासाभरावर वॉटफर्डला राहतो. चार बेडरूमचं स्वतःचं घर आहे.

मी बॅगा खाली आणल्या तेव्हा काका दारापर्यंत आले. हळू आवाजात म्हणाले, "ग्रुपवर काही बोलू नकोस हं. ती गाय कुठली वगैरे."

"फोटो काढून टाका की."

"काढला तर लोक विचारतील, का काढला."

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. दोन बस बदलून फार्मवर पोचते, पोचेपर्यंत पहिलं वजन होऊन गेलेलं असतं, आणि मॅनेजरबाई घड्याळाकडे बघतात. मंडळाने मला ग्रुपमधून काढलं. कोणी, का, ते विचारायला मी गेले नाही. यंदाच्या वसुबारसेचं निमंत्रण एका मैत्रिणीने पुढे पाठवलं. वर झेंडूचं तोरण, खाली 'परदेशातही जपलेली गोसेवा', आणि मधोमध तोच फोटो. कडेला काकूंचा हात. गोऱ्ह्याच्या कानातला टॅग स्पष्ट वाचता येतो.

टेस्टमध्ये तो चांगला निघाला. कमी खायचा, झपाट्याने वाढायचा. मागच्या महिन्यात कत्तलखान्याच्या लॉरीत चढला.