वरपच्या भाऊंचा शिग्राम

भाऊ निजसुरे आणि त्यांचा शिग्राम यांची पहिली भेट झाली तेव्हा भायखळ्याच्या त्या तबेल्यातले सतरा घोडे एकदम खिंकाळले, कौलांवरची कबुतरे उडून थेट माझगावात जाऊन बसली, आणि कोपऱ्यात निजलेला म्हातारा मोतद्दार 'कोण गेलं?' म्हणत उठून बसला. निदान भाऊ तरी असेच सांगत. सांगण्याच्या प्रत्येक खेपेला घोडे वाढत जात. पुढे पुढे ते पन्नासावर गेले आणि त्यांत गव्हर्नरसाहेबांचाही एक येऊन मिसळला.

वास्तविक घडले ते एवढेच. भाऊ हे कल्याणहून मुरबाडच्या रस्त्यावर असलेल्या वरप गावचे गवताचे व्यापारी. आपले गवत पोचले की नाही ते पाहायला ते मुंबईला गेले होते. गवताची एक जुनी रास मजुरांनी बाजूला केली आणि तिच्यामागून शिग्राम निघाला. शिग्राम म्हणजे चार चाकांवर ठेवलेली, दारे आणि झडपा असलेली मोठी लाकडी पेटी; त्या काळी मोठ्या लोकांनी हवा खायला वापरायची. या पेटीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तबेल्याच्या मालकाने कोंबडी तेवढी काढून घेतली आणि बाकीचे सगळे भाऊंच्या गळ्यात मारले.

भाऊंनी पेटी मालगाडीवर घालून कल्याणला आणली, गोमूत्र शिंपडून शुद्ध केली आणि तिला भाताच्या खाचरातले दोन बैल जुंपले, कारण घोडा त्यांच्याकडे नव्हता. चालू लागली की लग्नघरातली सगळी भांडी एकदम घासायला काढल्यासारखा आवाज होई. भाऊ आत पगडी सावरत बसत. रस्त्यावरचे लोक वाट सोडून उभे राहत. भाऊंना वाटे, मानाने; खरे तर चाक निखळून कुठल्या बाजूला येईल याचा भरवसा नसे म्हणून.

भाऊंना हौस होती असे कुणी म्हटले तर ते खोटे नाही. पण त्या हौशीच्या तळाशी एक काटा होता.

त्यांची एकुलती एक मुलगी मंदाकिनी ठाण्याला दिली होती. व्याही त्र्यंबकराव कचेरीत शिरस्तेदार होते. लग्नाच्या वेळी त्यांना कल्याण स्टेशनावरून आणायला भाऊंनी बैलगाडी पाठवली, आणि घाईगर्दीत तीच गाडी बाजारातून आचाऱ्याची कढईही घेऊन आली. मुलाचा बाप दोन कोस कढईच्या काठावर बसून मांडवात पोचला. धोतराला मागून काजळी लागली होती. ती नवऱ्या मुलाच्या मावशीने पाहिली, मग सगळ्या वऱ्हाडाने पाहिली. त्र्यंबकराव तेव्हा शांतपणे जेवले आणि सुनेला घेऊन गेले.

पहिल्या दिवाळसणाला मंदाकिनी माहेरी आली. जावई सण करून परतला, आणि त्यानंतर तिला न्यायला कोणी आले नाही. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. भाऊंनी माणसे पाठवली. ती ठाण्याला चहासुद्धा न मिळता परत आली. गावातल्या बायका पाणवठ्यावर तिला विचारत, 'काय गं, यंदा मुक्काम किती दिवस?' मंदाकिनी हसून घागर उचली. घरी, रस्त्यावर गाडी वाजली की ती हातात तांदळाचे सूप घेऊन ओटीवर येई, आणि गाडी पुढे गेली की तांदूळ न निवडताच आत जाई. ते सूप भाऊंना दिसे. म्हणून शिग्राम. पुन्हा कधी व्याही आलेच, तर ते राजासारखे आले पाहिजेत.

वैशाखात भाऊंनी शिग्रामाची डागडुजी काढली. एक दार मनाला येईल तेव्हा उघडत असे. गावचे भटजी एका वळणावर त्यातून बाहेर सांडले होते. म्हणून ते खिळे मारून कायमचे बंद केले. दुसरे दार खडखडे. त्याच्या फटीत सागवानी पट्ट्या ठोकून घेतल्या, वर रोगणाचे तीन हात दिले. झडपाही रोगणाने चिकटून गेल्या, पण त्या मुळातच कोण उघडणार होते? काम झाल्यावर दार असे बसले की भाऊ आल्यागेल्याला ते लावून दाखवत. 'ऐका,' म्हणत, आणि दार डबीच्या झाकणासारखे टप्प करी.

मग पाऊस लागला, आणि वैशाखातले ते गोजिरवाणे मूल ज्येष्ठात आजारी पडले. रिमझिमीत शिग्राम नुसता गळे, आणि तोही नेमका मानाच्या जागेवर. पण जोराची सर आली की लाकूड पाणी पिऊन टम्म फुगे. चाके कण्हू लागत, मग हटून बसत. झडपा हलत नसत, दार लावायला दोन माणसे लागत. भाऊंनी त्याला गवताच्या वखारीत ठेवले, डोक्यावर घोंगडी घातली, पोटाखाली शेगडी ठेवली. त्यांच्या पत्नी आवडाबाई म्हणाल्या, की या घरात बाळंतिणीचीसुद्धा कधी एवढी सरबराई झाली नव्हती. भाऊंचे म्हणणे, त्याला इकडची हवा नवीन आहे. पहिले वर्ष जड जायचेच.

श्रावणात त्र्यंबकरावांचा निरोप आला, की कल्याणला काम आहे, दुपारच्या गाडीने येतो, तुमच्याकडे जेवून जाईन.

घरात पुरण शिजू लागले. मंदाकिनीने आपले लुगडे घडी करून ट्रंकेत ठेवले, मग कोणी पाहील म्हणून पुन्हा बाहेर काढले. आवडाबाईंनी बजावले की आभाळ काळे झाले आहे, साधी गाडी न्या, वर चांगली ताडपत्री बांधा. भाऊंनी जन्मात पहिल्यांदा बायकोचे ऐकले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ते एरवीही ऐकत नसत. त्यांनी गाडीवान पोपटला हाक मारली आणि शिग्राम बाहेर काढला.

स्टेशनावर त्र्यंबकराव उतरले ते मुसळधार पावसातच. त्यांनी शिग्राम पाहिला, त्याचे बैल पाहिले, आणि एक भुवई किंचित वर केली. भाऊंना ती भुवई म्हणजे प्रशस्तिपत्र वाटले. दोघे आत बसले. पोपटने बाहेरून खांद्याने रेटा दिला तेव्हा दार लागले. या वेळी टप्प असा आवाज झाला नाही. पाट घासल्यासारखा झाला.

आत गुडघ्याला गुडघा लागत होता. छतातून पाणी बरोबर त्र्यंबकरावांच्या पगडीवर ठिबकत होते. भाऊ आपले उपरणे हातांनी वर ताणून त्याखाली धरून बसले होते आणि यंदा गवत किती छान आले आहे ते सांगत होते. वालधुनीच्या ओढ्याजवळ पोचेपर्यंत चाकांचे कण्हणे थांबले, म्हणजे चाकेच थांबली. बैलांनी दोनदा जोर लावला, मग तेही उभे राहिले. ओढा फुगून रस्त्यावर आला होता. पोपटने बैल सोडून उंचावर नेले आणि मालकांना बाहेर काढायला परत आला. दार उघडेना. त्याने ओढले, आतून दोघांनी लाथा मारल्या. शिरस्तेदारांनीही मारल्या. दुसऱ्या दाराचे खिळे भाऊंनी स्वतः उभे राहून मारून घेतले होते. पोपट म्हणाला, रुळांवरच्या गँगवाल्यांकडून पहार आणतो, आणि पळाला.

चढायची पायरी बुडून फळीच्या फटीतून पाणी आत येऊ लागले. त्र्यंबकरावांनी पाय वर घेतले.

"भाऊ, खरं म्हणजे हे जेवण झाल्यावर सांगणार होतो," ते म्हणाले. "पेणची एक मुलगी सांगून आली आहे. मार्गशीर्षात उरकून घ्यावं म्हणतो."

भाऊंना कळले नाही. त्यांनी कौतुकाने विचारले, कोणासाठी?

"मला मुलगा एकच आहे."

भाऊंचे उपरणे धरलेले हात हळूहळू खाली आले. पगडीवर पुन्हा पाणी ठिबकू लागले.

"आणि मंदाकिनी?"

"तिला अन्नवस्त्राला कमी पडू देणार नाही."

"ते तर मीही देतोच आहे," भाऊ म्हणाले.

तेवढ्यात बाहेर पोपटचा आवाज आला. "भाऊ, पहार आणलीय. फोडू दार?"

त्र्यंबकराव घाईने म्हणाले, फोड, फोड.

"थांब पोपट," भाऊ म्हणाले.

"भाऊ, पाणी चढतंय. माझ्या गुडघ्याच्या वर आलंय."

"दिसतंय मला. थांब म्हटलं ना."

ज्या माणसाने व्याह्याच्या नुसत्या नावानेही हात जोडायचे, त्याने व्याह्याला पेटीत कोंडून धरले होते. भाऊंना पोहायला येत नव्हते, आणि पाणी घोट्यावर आले होते.

"तिच्यात खोट काय आहे, ते सांगा," भाऊ म्हणाले. "सांगितलीत की दार उघडतं."

शिरस्तेदारांनी जन्मभर कचेरीत दुसऱ्यांच्या जबान्या टिपल्या होत्या. आता स्वतःची द्यायची वेळ आली आणि ते एकेक आठवू लागले. मुलगी सकाळी लवकर उठे. सासूचे पाय चेपी. मोजून सहा महिने घरात होती, तेवढ्यात तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"खोट तिच्यात नाही," शेवटी ते म्हणाले. "तुमच्यात आहे. तुम्हाला माणसाचा मान कळत नाही. आजही कळत नाही."

"कळत नाही, कबूल. तुमच्या ओसरीवर येऊन साऱ्या ठाण्यादेखत तुमच्या पाया पडतो. पण माझ्यापायी तिला टाकू नका."

"हा जुलूम आहे, भाऊ."

"आहे."

बाहेर पोपट काकुळतीने काहीतरी सांगत होता. शिग्राम पाण्यात किंचित हलला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो आवाज न करता हलला, आणि दोघांनीही हाताला लागेल ते घट्ट धरले.

"नेतो," त्र्यंबकराव म्हणाले.

"कधी?"

"दसऱ्याला. आता उघडा."

"जानवं हातात घेऊन म्हणा."

त्र्यंबकरावांनी भिजलेल्या अंगरख्यात हात घालून जानवे धरले आणि म्हटले. मग भाऊंनी पोपटला हाक दिली. पाचव्या घावाला दार चौकटीसकट निघाले आणि ओढ्यातून वाहून गेले.

पोपटने दोघांना एकेक करून खांद्यावरून कोरड्या जागी नेले. त्र्यंबकराव वरपला आले नाहीत. चिखलातून चालत स्टेशनाकडे वळताना ते एवढेच म्हणाले, की शब्द दिला आहे तो पाळीन, पण यापुढे तुमचं तोंड पाहणार नाही, आणि माझ्या घरातलं कोणी पाहणार नाही. भाऊंनी सवयीने हात जोडले.

घरी दोघी ओटीवर उभ्या होत्या. भाऊ चिंब भिजून पायी आले. दसऱ्याला तुला न्यायला येणार आहेत, एवढे त्यांनी सांगितले. मंदाकिनी लगेच आत गेली. शिग्राम कुठे आहे, असे आवडाबाईंनी विचारले तेव्हा म्हणाले, ओढ्यावर ठेवलाय, आत जरा कोंदट व्हायचं, म्हणून दार काढून टाकलं. पुरणपोळी त्यांनी एकच खाल्ली, आणि तीही बराच वेळ.

दसऱ्याला ठाण्याहून माणूस आला आणि मंदाकिनीला घेऊन गेला. पेणच्या मुलीचे पुढे दुसरीकडे जमले. त्र्यंबकरावांनी आपले दोन्ही शब्द पाळले. पुढच्याच वर्षी जावयाची बदली धुळ्याला झाली. त्यानंतर भाऊ आणि मंदाकिनी यांची भेट उभ्या जन्मात दोनदाच झाली.