उरलेल्या कॅप्सूलचा डबा

हिंदी मुलखातल्या मदन महलच्या आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच, पण एका बाबतीत भलता एकोपा. कुणाचा औषधाचा कोर्स अर्धवट राहिला की उरलेल्या कॅप्सूल शेजारच्या काकूंच्या बिस्किटाच्या डब्यात जायच्या. कढीपत्ता मागावा तशा लोक त्या मागून न्यायचे. मला त्या डब्याचा पहिल्यापासून राग.

आमच्या ह्यांनी दाढ काढली आणि नंतर रोज संध्याकाळी अंगात ताप. रिछाईच्या कारखान्यातून आले की सरळ खाटेवर. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले, तरी माणूस हलेल तर शपथ! शेवटी मीच ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली. दाढेतले जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले असावेत, म्हणाले. रक्त तपासून नेमका जंतू कळला, तर नेमकं औषध देता येईल.

रिपोर्ट आला, तर जंतू सापडलाच नाही! मी देवाला हात जोडले. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. "पहले से कोई दवा चल रही थी क्या?"

 हे हळूच म्हणाले, "काकूंच्या डब्यातल्या घेऊन राहिलो होतो."

"काहून सांगितलं नाही हो?"

"तू ओरडली असती."

कपाळ माझं! त्या कॅप्सूलनी जंतू मेले नव्हते, नुसते दबले होते, म्हणून तपासणीत दिसले नाहीत. पुढे अंदाजानं औषधं चालली. तोवर झडप खराब झाली आणि नागपूरला नेऊन छाती उघडावी लागली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मला रडूसुद्धा येईना, नुसता संताप. माझा धडधाकट माणूस एका बिस्किटाच्या डब्यापायी आत पडला होता.

वाचले. घरी आणलं, तशा काकू बघायला आल्या. रडल्या, ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. जाताना फळीवरच्या औषधांकडे त्यांची नजर गेली.

"ह्यातल्या उरतील त्या फेकू नको वो बाई. सुनेची दाढ ठणकून राहिली."

माझं डोकंच सणकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. छातीवरचे टाके अजून ओले होते, धड बोलताही येत नव्हतं.

"दे ना त्यांना. पडूनच तर राहतात."