मुठीचा स्क्रू

आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात आता थरथरतात. चहाचा कप ओठांपर्यंत जाईस्तोवर बशी भरते. पण तेच हात त्यांच्या जुन्या विलायती लोखंडी रंध्याच्या मुठीवर बसले की गप्प होतात. डॉक्टर हसून म्हणाले, "मग मारू द्या की रंधा." मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. भुसावळच्या आमच्या ओट्यावर उभा राहून मी ते रोज बघायचो, आणि रोज अंगावर काटा यायचा.

एके दिवशी त्या मुठीचा लांब स्क्रू मधोमध तुटला. मूठ डुगडुगायला लागली. आबांनी रंधा गोणपाटात गुंडाळला, आणि त्यानंतर त्यांच्या हातात पाण्याचा तांब्याही ठरेना.

स्क्रू म्हणजे काय मोठी गोष्ट, असं वाटलं होतं मला! जळगावची हार्डवेअरची दुकानं पालथी घातली, धुळ्याचं भंगार उपसलं. जाडी जुळली तर आटे जुळेनात. विलायतेतल्या कुणा शहाण्याने हे जगावेगळे आटे पाडले म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली. लेथवाला म्हणाला, असे आटे पाडायचं हत्यारच आपल्याकडे नाही.

"याच्या जोडीचा एक आहे," आबा शेवटी म्हणाले, "पण तो मागायचा नाही." त्यांनी आणि त्यांच्या सुतार मित्राने ती जोडी भंगारातून घेतली होती. मित्र वारला. त्याचा रंधा पाचोऱ्याला, त्याच्या बायकोच्या, अक्कांच्या, देवघरात होता.

आबांना न सांगता मी गेलोच. रंध्यावर हळदीकुंकवाचा थर होता. कसंबसं स्क्रूचं सांगितलं. अक्कांनी पदराने कुंकू पुसलं.

"काढी ले, भाऊ. देवले काय रंधा मारना शे?" मी स्क्रू काढून घेतला, तशा त्या दारापर्यंत आल्या. "चालना का मले फोन करजो." रंधा चालला की कळवायचं, एवढंच.

घरी स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत गेला, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत. कुठे सातासमुद्रापलीकडे, कुणी, कधी घडवलेले हे दोन रंधे, आणि केसाचाही फरक नाही! मी थक्क होऊन बघत राहिलो.

आबांनी मूठ धरली. हात थांबले. रंधा सर्रकन फळीवरून गेला आणि सागाची पातळ साल वळत वर आली. मी अक्कांना फोन लावून फळीजवळ धरला.

रंधा फळीच्या टोकाला थांबला. "ऐकू आलं का, अक्का?" मी विचारलं.

"आखो एक डाव," अक्का म्हणाल्या. अजून एकदा.

फळी गुळगुळीत झाली होती. आबांनी ती उलटी केली.