राइट फील्डमधला खांदा

"फेकायचं नाही," मी म्हणाले.

"एकदाच," ताकेमुरा-सान म्हणाले.

"एकदाही नाही."

"हळू?"

"तुम्हाला हळू फेकता येतं?"

ते छताकडे बघायला लागले. त्यांच्या बायकोने, युमिको-साननी, शेजारच्या खुर्चीतून उत्तर दिलं. "नाही येत."

मी फिजिओथेरपिस्ट. शिकले पुण्यात, नोकरी सिंगापूरमध्ये, मरीन परेड भागातल्या एका क्लिनिकमध्ये. ताकेमुरा-सान जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल खेळायचे. निवृत्तीनंतर मुलीजवळ राहायला सिंगापूरला आले. खेळत असताना ते आउटफिल्डर होते, म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बाउंड्रीवरचा फील्डर समजा. लांबून चेंडू फेकून धावणाऱ्याला बाद करायचं, यासाठी त्यांचा उजवा हात प्रसिद्ध होता. मला हे इंटरनेटवर वाचून कळलं. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

खांद्यातलं मात्र कळतं. खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. ते घरंगळू नये म्हणून चार छोटे स्नायू त्याला धरून असतात. त्यांना रोटेटर कफ म्हणतात. ताकेमुरा-सानचा त्यातला एक अर्धा फाटला होता. व्यायामाने निभावत होतं. जोरात फेकलं असतं तर उरलेलाही गेला असता आणि मग ऑपरेशन.

आणि आता जपानी मंडळींच्या क्लबची बेडोकच्या बाजूला व्हेटरन्स मॅच होती. त्यात त्यांना खेळायचं होतं.

आमच्या क्लिनिकच्या मालकीणबाई मिस लिम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वैशाली, स्टार पेशंट आहे. रिसेप्शनवर फोटो लावलाय त्यांचा. नाही म्हणू नकोस."

"खांदा गेला तर तोच फोटो खाली उतरवावा लागेल."

त्यांनी रिसेप्शनवरच्या फोटोकडे पाहिलं. "मग नाहीच म्हण, लाह." हे 'लाह' म्हणजे इथलं 'गं'.

शेवटी तडजोड झाली. मैदानात उभं राहायचं, डाव्या हातातल्या ग्लव्हने कॅच घ्यायचे, पण चेंडू जवळच्या माणसाला खालूनच द्यायचा. ताकेमुरा-साननी कमरेत वाकून शब्द दिला. माझा विश्वास बसला नाही, म्हणून रविवारी मी स्वतः मॅचला गेले. डोक्यावर टोपी, बॅगेत कोल्ड पॅक.

बराच वेळ त्यांच्याकडे चेंडू गेलाच नाही. ते राइट फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या पार मागच्या उजव्या कोपऱ्यात, बस चुकलेल्या माणसासारखे उभे होते. मी निवांत झाले.

मग शेवटच्या डावात स्कोअर बरोबरीत आला. समोरच्या टीमचा एक चाळिशीचा गडी तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावायच्या चार टप्प्यांतल्या तिसऱ्यावर, पोचला. तिथून तो चौथ्या, म्हणजे होम प्लेटला आला की मॅच त्यांची. बॅटरने चेंडू उंच मारला, तो थेट ताकेमुरा-सानकडे. कॅच घेतला तरी नियम असा, की कॅच होताक्षणी बेसवरचा माणूस पळू शकतो. मग त्याला अडवायला एकच उपाय. फेकणं.

"युमिको-सान," मी म्हणाले, "डोळे मिटू का?"

"नको. बघा."

त्यांनी कॅच घेतला. तिसऱ्या बेसवरचा गडी सुटला. ताकेमुरा-साननी चेंडू उजव्या हातात घेतला, एक पाय पुढे टाकला, हात कानाच्या मागे नेला. एवढा मागे गेलेला तो हात मी क्लिनिकमध्ये कधी पाहिला नव्हता. माझा हात बॅगेतल्या कोल्ड पॅककडे गेला.

पळणाऱ्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि ब्रेक लागल्यासारखा थांबला. वळला आणि धडपडत तिसऱ्या बेसवर परत गेला.

हात तिथेच होता. चेंडू हातातच होता. ताकेमुरा-सान रमतगमत पुढे आले आणि जवळच्या खेळाडूला तो खालून दिला, प्रसादाचा लाडू द्यावा तसा.

पुढचा बॅटर बाद झाला आणि डाव संपला. मॅच बरोबरीत सुटली. तो गडी नंतर मला म्हणाला, "लहानपणी मी त्यांना टीव्हीवर बघायचो. त्या हातावर कोण धावणार?"

सोमवारी ताकेमुरा-सान खांदा धरूनच आले. नुसता हात मागे नेल्यानेही सूज आली होती.

"हे सोंग तिथल्या तिथे सुचलं?" मी विचारलं.

त्यांनी खांद्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "माझे शेवटचे दोन सीझन मी असंच खेळलो. हात तेव्हाच गेला होता. मॅचआधी समोरच्या टीमला दिसेल असा एकच थ्रो मारायचो, जीव खाऊन. मग मॅचमध्ये कोणी पळायचंच नाही. कोचला कळलं नाही. कोणालाच कळलं नाही."

"खांद्याला लावायचा बर्फ कोण भरून ठेवायचं?" युमिको-साननी मॅगझिनचं पान उलटलं.

ताकेमुरा-सान बायकोकडे वळले. मग त्यांनी खुर्चीतूनच वाकून मान झुकवली. मला शब्द देतानाच्या वाकण्यात आणि या वाकण्यात फरक होता, तो मला जपानी न येताही कळला.

मला पहिल्या दिवशी त्यांनी दुखणं सहा महिन्यांचं सांगितलं होतं. निघालं कितीतरी वर्षांचं. मी सगळा प्लॅन नव्याने केला. आता खांदा बरा आहे. जेवढा असू शकतो तेवढा.

तेव्हापासून पेशंटला दुखणं कधीपासून आहे ते विचारते, आणि मग शेजारच्या खुर्चीला विचारते.