नाव आलं, ऐकून झालं

"आणि विशेष म्हणजे... आपल्या अतिशय व्यस्त कार्यक्रमातून... वेळात वेळ काढून... या ठिकाणी उपस्थित असलेले... सोसायटीचे माजी व्हाइस चेअरमन... मा-न-नी-य..."

इथं सयाजीअण्णा थांबतात. मुद्दाम थांबतात. मांडवात जेवढे माजी व्हाइस चेअरमन असतील तेवढ्यांच्या माना ताठ होतात, आणि मग नाव पडतं. निरगुडसरपासून पार घोडेगावपर्यंत लग्न असो, साखरपुडा असो, दशक्रिया असो, माईक अण्णांकडं. आवाज असा की वाढपीसुद्धा बुंदीचा डाव हवेत धरून उभा राहतो.

आमच्याकडं माईकवाल्याचा धर्म एकच. नाव राहता कामा नये. अक्षता उशिरा पडल्या तर चालतं, पण नाव राहिलं तर पुढची पिढीसुद्धा बोलत नाही. एकदा गेणभाऊंच्या साडूचं नाव राहिलं. तो माणूस भरलेलं ताट तसंच ठेवून उठला, मोटारसायकलला किक मारली आणि जाता जाता म्हणाला, "आमी काय फकस्त जेवाय आलतो व्हय?" गेणभाऊ म्हणजे माजी उपसरपंच आणि मंगल कार्यालयाचे मालक. माईक कुणाच्या हातात द्यायचा हे तेच ठरवतात. तेव्हापासून अण्णांना गर्दीत माणसं दिसत नाहीत, नावंच दिसतात.

त्यांची आणि आमची भिंत एकच. पण भिंतीपलीकडून हा आवाज कधी आला नाही. मोहिनीकाकू होत्या तेव्हा त्यांचाच यायचा. "अवो, च्या गार झाला, का माईकवरनं सांगू?" काकू गेल्यापासून तिकडून कुकरची शिट्टी येते, तीही एकच. लेक आरती चाकणला नोकरीला आहे, तिचा रविवारी फोन येतो.

"जेवलात का पप्पा?"

"जेवलो."

"काय?"

"तेच की."

संपला फोन.

अण्णा लोकांची लग्नं गाजवत हिंडायचे तेव्हा रानात दारं काकूच धरायच्या. दारं धरायचं म्हणजे खोऱ्यानं माती ओढून एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायचं, लाईट आहे तोवर सगळं रान भिजवून घ्यायचं. तेच रान, तेच खोरं, आणि एकटी बाई. त्या गेल्या तेव्हा दशक्रियेला घाटावर माईक धरायला दुसरं कोण होतं? डोक्याचे केस उतरवलेले अण्णाच उभे राहिले. तोंड उघडलं आणि सवयीनं नावं सुरू झाली. पंचायत समिती, पतसंस्था, दूध डेअरी, बाहेरगावचे पाहुणे. उशिरा आलेल्यांची चिठ्ठी आली, तीही वाचली. नावं संपली तेव्हा पिंडाला कावळा शिवून गेला होता आणि लोक चपला शोधत होते. काकूंबद्दल दोन शब्द बोलायचे राहिले ते राहिलेच.

मग काही महिन्यांनी भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. मला वाटलं, पाहुणे आलेत. कान लावला तर अण्णा मोबाईलला गोष्ट सांगत होते आणि मोबाईल टाइप करत होता. "तिनं खोरं बांधावर टेकवलं पूर्णविराम. समोर मोर आला स्वल्पविराम पण तिला बघायला सवड नव्हती पूर्णविराम." असं बोलत बोलत अख्खी कादंबरी झाली. नाव 'दारं धरणारी'.

आमच्या आळीत रत्नदीप खोली करून राहतो, अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. त्यानं फाइल नीट केली, मुखपृष्ठावर उसाचा फोटो लावला आणि ई-बुक करून चढवलं. लेखक सयाजी, प्रकाशकही सयाजीच. पारावर लगेच चौकशी.

"अण्णा, पुस्तक काढलं म्हनं? द्या की एक."

"मोबाईलमधी हाय."

"म्हंजी छापलं न्हाई."

"छापायचंच नसतंय ते."

"मग काढलं कशाला राव?"

कुणी वाचलं नाही. रत्नदीपच्या तोंडात प्रत्येक वाक्याला 'ॲक्च्युअली' असतं. तो म्हणाला, "अण्णा, ॲक्च्युअली तुमच्याकडे आवाज आहे. ऑडिओबुक करू. कुणाला वाचायलाच नको." आवाज घुमू नये म्हणून मऊ कपड्यांजवळ बसून बोलायचं असतं, असं त्यानं सांगितलं. घरात मऊ कपडे होते ते काकूंच्या कपाटात. अण्णा रोज दुपारी स्टूल ओढून त्या कपाटात डोकं घालून बसायचे. लुगड्यांच्या घड्यांमध्ये मोबाईल, आणि अण्णा त्यांच्याशी बोलतायत. मध्येच पलीकडच्या वस्तीवर कुणाची पाण्याची मोटार सुरू झाली की बाहेर यायचे, पाणी प्यायचे, परत आत.

सुरुवात मात्र अण्णांनी रीतीप्रमाणंच केली. कार्यक्रम म्हटला की आधी मान्यवर. 'हे पुस्तक आपल्या कानी पडत असताना... ज्यांचं मोलाचं सहकार्य लाभलं असे...' आणि मग सगळा गाव. कुणी राहू नये म्हणून दोनदा आठवून. शेवटचं नाव आरतीचं, त्याच्यानंतर गोष्ट.

सगळं फुकट ऐकायची लिंक गावच्या ग्रुपवर पडली. अंगठेच अंगठे. 'लई भारी अण्णा!' 'आवाज म्हंजी आवाज!' अण्णा दोन दिवस दुकानदाराकडं साखरसुद्धा 'माननीय' म्हटल्यासारखी मागत होते. मग रत्नदीप लॅपटॉप घेऊन आला. मीही मागोमाग गेले.

"अण्णा, ॲक्च्युअली ही रेघ म्हणजे ऐकणारे लोक. बघा कशी उतरते."

"उतारच हाय की नुसता."

"उतार नाही, पायऱ्या आहेत. ही पायरी कुठं आली ऐका." त्यानं बटण दाबलं. '...पतसंस्थेचे विद्यमान संचालक माननीय...' नाव पडलं आणि रेघ एक पायरी खाली. पुढचं नाव, पुढची पायरी.

अण्णा एकेका पायरीवर बोट ठेवून नावं म्हणत गेले. गावानं ऐकलं होतं. प्रत्येकानं आपलं नाव येईपर्यंत ऐकलं होतं. नाव आलं, ऐकून झालं.

"आणि ॲक्च्युअली बाहेरच्या माणसाला पहिली पाच मिनिटं फुकट ऐकायला मिळतात. आवडलं तर तो पुढं घेणार. तुमच्या पाच मिनिटांत अजून दूध डेअरीच चाललीय. गोष्टीचं पहिलं वाक्य कुणीच ऐकलेलं नाही."

अण्णांनी तिथल्या तिथं आरतीला फोन लावला.

"ऐकलं का गं?"

"ऐकलं ना पप्पा! माझं नाव शेवटी घेतलंत. किती छान घेतलंत हो."

"आन फुडं?"

"पुढं... पुढं पण आहे का?"

फोन ठेवून अण्णा म्हणाले, "घाटावर बी असंच केलं मी. आन परत तेच." मग रत्नदीपकडं वळले. "काढ."

"कुणाचं नाव?"

"समद्यांची."

"आरतीताईंचं पण?"

"समद्यांची म्हनलं न्हवं?"

नावं निघाली, पुस्तक परत चढलं. दोन दिवसांत गेणभाऊ दारात. गेणभाऊ बोलायच्या आधी घसा साफ करतात आणि 'आता आसं बगा' म्हणतात. त्याशिवाय त्यांना 'बसतो' सुद्धा म्हणता येत नाही.

"आता आसं बगा सयाजीराव. आमी मेलो काय?"

"न्हाई भाऊ."

"मग नाव का कापलं? मेलेल्याचं बी ठेवत्यात, कैलासवासी लावून."

"गोष्टीला जागा पायजे व्हती."

"गोष्ट काय पळून चाललीय व्हय? आता आसं बगा. म्होरल्या आठवड्यात मोटं लगीन हाय. घोडेगावचा एक नवा पोरगा माईक मागतोय, हिंदीतनं शायरी म्हनतोय. मला सोताला न्हाई आवडत. तू फकस्त वर चार नावं टाक. माईक तुजा."

माईक गेला तर काय जाणार, हे अण्णांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. लग्न नसेल त्या दिवशी त्यांच्या घरी कुणी येत नाही, त्यांना कुणी हाक मारत नाही. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "च्या होईस्तोवर ऐका भाऊ. मग बोलू."

'मोटार सुरू झाली तशी तिनं अर्धी भाकरी पदराला बांधली आणि खोरं उचललं...' माईकवरचा आवाज नव्हताच तो. भिंतीला कान लावल्याशिवाय ऐकू येणार नाही असा होता. गेणभाऊंनी चार-पाच वाक्यं ऐकली. मग त्यांचा फोन वाजला. "हां साहेब, बोला साहेब," करत ते उठले, चपला घातल्या आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "बगा मग."

"बगितलं भाऊ," अण्णा म्हणाले.

लग्नात माईक त्या पोराकडं. "अर्ज किया है," म्हणाला की पोरं शिट्ट्या मारायची. अण्णा आमच्याच रांगेत बसले होते. पोरानं एक नाव गाळलं की अण्णा पुटपुटून ते घ्यायचे. शेजारचा म्हणाला, "अण्णा, आज खाली?"

"आज खाली."

पोरानं जवळजवळ सगळ्यांची नावं घेतली. अण्णांचंही घ्यायचं असतं हे त्याला कुठून सुचणार? इतकी वर्षं ते कुणी घेतलंच नव्हतं, माईक त्यांच्याच हातात असायचा. अक्षता टाकून अण्णा जेवले आणि कुणाला न सांगता गेले. सांगायला कुणी थांबवलंही नाही.

त्यानंतर दशक्रियेचंही बोलावणं आलं नाही. ऊस तुटून गेला, रान मोकळं झालं. मग एक दिवस रत्नदीप लॅपटॉप घेऊन पळतच आला, मागोमाग मी.

"अण्णा! एकानं शेवटपर्यंत ऐकलं!"

अण्णा भाकरी थापत होते, पिठाच्या हातानंच उठले. "कोन?"

"नाव दाखवत नाहीत."

"तू असशील."

"मी ऐकतो ते ॲक्च्युअली मोजत नाहीत."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी भिंतीतून ऐकलंय." आरतीला फोन केला. "पप्पा, या रविवारी नक्की ऐकते हो!" म्हणजे तीही नाही.

"परकंच मानूस हाय म्हंजी," अण्णा म्हणाले. "शेवटपत्तुर?"

"शेवटची दहा मिनिटं तर दोनदा."

त्या दहा मिनिटांत बांध फुटतो. भिजवायचं पाणी सगळं शेजाऱ्याच्या रानात जातं, आणि ती बाई खोरं टाकून चिखलात बसून हसत सुटते. का हसते ते पुस्तकात नाही.

"दोनदा," अण्णा म्हणाले. "म्हंजी त्याला बी कळलं नसंल ती का हसली. का कळलं असंल?"

"काकू का हसल्या होत्या अण्णा?" रत्नदीपनं विचारलं.

"मी कुठं व्हतो तिथं? मी मंचरला लग्नात. शेजारच्यांनी नंतर सांगितलं. तिला इचारीन इचारीन म्हनत ऱ्हायलं." हाताचं पीठ आता वाळून पापुद्रे सुटत होते. "त्या मानसाला इचारता येतंय का रं?"

"नाही अण्णा. तशी सोय नाही."

अण्णा लॅपटॉपसमोर बसले. खाली सपाट पडलेली ती त्या एकाच माणसाची रेघ, डावीकडून पार उजव्या टोकापर्यंत गेलेली.

"मग ती जरा मोठी करून दाव," ते म्हणाले.