भागीची सुई

कल्याणच्या वर्गातल्या मैत्रिणींनो,

आज माझा दुसरा दिवस. मी मागच्या पडवीत वेगळी बसले आहे, जवळ कुणी फिरकत नाही. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "लोकरीला विटाळ नाही. विणत बैस."

मडमबाईंनी वर्गात शिकवलेला सुलट टाका घालत होते. एक टाका निसटला आणि खालपर्यंत उसवत गेला. रडूच आलं. कुंपणापलीकडच्या आपल्या भागीला हाक मारली.

ती आपली सुई घेऊन आली नि चार हात लांब उभी राहिली. "इकडे दे, मी उचलते."

लोकर चालते, पण माझ्या सुया विटाळलेल्या. शेवटी मी सुई उपसली आणि नुसतं विणकाम तिच्यापुढे जमिनीवर ठेवलं. सगळेच टाके उघडे पडले! भागीनं ते एकेक करून स्वतःच्या सुईवर घेतले, निसटलेलाही वर आणला, आणि सुई न काढताच विणकाम खाली ठेवलं.

"अगं, तुझी सुई!"

"राहू दे. परवा न्हालीस की घेऊन ये."

सुई अजून तिच्या हातानं कोमट होती. दोन दिवसांत मला लागलेली माणसाची ऊब तेवढीच.

हे पत्रही न्हाल्यावरच पाठवीन. वाचून एवढं सांगा, लोकरीला विटाळ नाही, मग आपल्यालाच कसा गं?